एमजीचे पाच टायर

पुलाउ टिकुस, पेनांग
३ मे १९९६

सेल्लादुराई अण्णे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेल तर रागाने फाडून टाकू नका. नसेल ओळखलं, तर मी यो स्यू खेंग. किम तिओंगची धाकटी बहीण. एकोणतीस वर्षांनी लिहिते आहे आणि तेही कामासाठी. लाज वाटते, पण टायरबद्दल दुसऱ्या कुणाला विचारायला मन घेत नाही. माझ्या भाच्याने तैपिंगमध्ये टायर बदलून घेतला, त्याच्या बिलावर तुमचं नाव आणि पत्ता दिसला. दोन आठवडे ते बिल मी शब्दकोशात दडवून ठेवलं होतं.

आमचा आको, माझा थोरला भाऊ आणि तुमचा तौके, मालक, आता एकाहत्तर वर्षांचा आहे. तो मोडलेला डावा पाय चालत राहिला, पण त्या पायाने खुबा खाल्ला. पाच ऑगस्टला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, नंतर चालता येईल, पण क्लच दाबायचा नाही. म्हणजे ती एमजी गाडी संपली. सिंगापूरचा एक दंतवैद्य ती विकत घेणार आहे. त्याआधी आकोला तापा गावाहून वर डोंगरात तानाह राताला जायचं आहे. एकदाच, स्वतः चालवत. सगळी वळणं तुम्हाला पाठ असतील. शेजारी मी बसणार, कारण घरातला दुसरा कुणी बसायला तयार नाही.

गाडीचे टायर तसे चांगले दिसतात, नक्षी नव्यासारखी आहे. पण गाडी सहा-सात वर्षं हललेली नाही. इथला एक दुकानदार म्हणतो, त्या गोल पाठीच्या जुन्या कासव-गाडीचे टायर बसतात, तेच घ्या. दुसरा म्हणतो, रुंद घ्या, झोकदार दिसतील. आको म्हणतो, आहेत तेच चालतील, नाहीतर जुन्या पद्धतीचे नायलॉन आणा, पण रेडियल या घरात येणार नाही. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. अजूनही पाहुणे आले की सांगतो, "त्या माणसाने नवे रेडियल गळ्यात मारले आणि माझा पाय घालवला." मला गाडीतलं कळत नाही. मी तेव्हाही गप्प बसले, आताही बसते.

तर कोणते टायर घ्यायचे, एवढं कळवा. उत्तर शेजारच्या गाइक बीच्या पत्त्यावर पाठवा. ती बोलघेवडी आहे, पण दुसऱ्याची पाकिटं उघडत नाही.

यो स्यू खेंग


तैपिंग
११ मे १९९६

टीचरम्मा,

पाकीट फाडलं नाही. तुम्ही इतका गोंद लावता की चाकू घ्यावा लागला, तेवढंच.

तुमचं अक्षर मी ओळखणार नाही? तुमच्या घराच्या मागच्या पायऱ्यांवर बसवून माझ्याकडून एबीसीडी गिरवून घेतलीत ती कुणी? तिसाव्या वर्षी, ग्रीसने माखलेल्या बोटांनी. तुम्ही म्हणायचात, "अण्णे, हे अक्षर आहे, नटबोल्ट नाही, इतकं आवळू नका." पोन्नम्मा, म्हणजे माझी बायको, विचारते आहे की ही कोण टीचर, जिचं पत्र वाचताना तुम्ही एकटेच हसता? मी म्हटलं, शाळेतली. ती म्हणाली, तुम्ही शाळेत कधी गेलात?

तौकेने माझ्या नावाने बोटं मोडावीत आणि मी त्याला टायर सुचवावेत, म्हणजे कमालच. मी आधी ठरवलं होतं की उत्तर द्यायचं नाही. मग तापाच्या रस्त्याची ती उतरतानाची वळणं डोळ्यांपुढे आली आणि तुम्ही शेजारी बसणार, हेही. तेव्हा बसलो लिहायला.

नक्षी बघू नका. नक्षी शाबूत म्हणजे टायर शाबूत, ही शहरातल्या लोकांची समजूत. रबर झाडातून येतं, त्याला वय असतं. मी मळ्यात वाढलो, आईबरोबर पहाटे चीक गोळा करत हिंडलो, मला कुणी शिकवायला नको. गाडीखाली जा. टायरच्या बाजूला अक्षरांच्या शेवटी तीन आकडे असतील. पहिले दोन म्हणजे वर्षाचा कितवा आठवडा, तिसरा म्हणजे साल. ते मला कळवा. मग अंगठ्याचं नख रबरात दाबा. नख रुतलं तर जीव आहे, नाही रुतलं तर फेकून द्या.

कासव-गाडीचे टायर मापाने बसतात, एकशे पासष्ट, पंधरा इंची. पण ते कासवाच्या वेगासाठी केलेले. तौके उतारावर कासव होणार आहे का? आणि रुंद टायर सांगणाऱ्याला विचारा, तुझे टायर वळणावर मडगार्ड खरवडतील, ते कोण भरून देणार?

तौकेचा पाय फार दुखतो का?

सेल्लादुराई


पुलाउ टिकुस
१९ मे

अण्णे,

तुमच्यामुळे एकसष्टाव्या वर्षी मी गाडीखाली सरपटले. सारोंग नेसून. हातात विजेरी आणि भिंग. नेमका आको काठी टेकत आला. म्हणाला, "खेंग, तुझं काय हरवलंय?" मी म्हटलं, मांजर. तो म्हणाला, "आपल्याकडे मांजर नाही." मी म्हटलं, म्हणूनच शोधते आहे. तो बराच वेळ तिथेच उभा राहिला आणि मी तशीच आडवी, कारण उठताच येईना. शेवटी त्यानेच काठी पुढे केली.

आकडे आहेत २४१. चारही टायरांवर तेच. नख रुतलं नाही, मोडलं.

हे मला पटत नाही, कारण टायरांची मी फार काळजी घेतली आहे. आकोचा जीव त्या गाडीत आहे, म्हणून दर नववर्षाच्या आधी मी ती पुसते, चाकाच्या तारा एकेक करून घासते आणि टायरांना खोबरेल तेलाचा हात देते. काळेभोर चमकतात. गाइक बी म्हणते, तुझ्या केसांपेक्षा टायर काळे आहेत. तरी असे दगड कसे झाले?

गाडीखाली पडल्या पडल्या सगळं आठवलं. शनिवारी पोर्चमध्ये तुम्ही दोघं इंजिनात डोकं घालून बसायचात, आई कॉफी पाठवायची आणि परत येणाऱ्या कपांना काळे ठसे असायचे. आको तुम्हाला शिव्या द्यायचा, तुम्ही त्याला, आणि कुणीच मनावर घ्यायचं नाही. तुमच्यासारखं त्याच्याशी नंतर कुणी भांडलं नाही. कॉफीच्या कारखान्यातली माणसं होय-तौके, होय-तौके करणारी. घर फार नीटनेटकं झालं, अण्णे. कप पांढरे राहतात. मला ते आवडत नाही.

पाय दुखतो. सांगत नाही, पण जिना चढताना हिशेब करून चढतो.

खेंग


तैपिंग
२७ मे

टीचरम्मा,

नखाबद्दल वाईट वाटलं. मांजराबद्दल नाही. पोन्नम्माला वाचून दाखवलं, ती अजून मधूनच हसते.

२४१ म्हणजे एक्क्याऐंशी साल, एक्क्याण्णवला तर गाडी हलतच नव्हती. पंधरा वर्षं. तुमच्या शाळेतली मुलं एवढ्यात बाप झाली असतील. चारही काढा, पाचवा डिकीतला तोही काढा. पाचही एकदम बदलायचे, एक जुना एक नवा असली खिचडी नको.

आता निवड. तीन दिवस विचार केला. नायलॉन शोधले, एक संच मिळाला, पण तोही कुणाच्या तरी गोदामात म्हातारा झालेला. तेव्हा रेडियलच. मला माहीत आहे तौके काय म्हणेल. त्याला सांगा, बाजारात दुसरं मिळत नाही. हे खोटं नाही. माप तेच, एकशे पासष्ट, पंधरा इंची, पण जास्त वेग सोसणाऱ्या दर्जाचे. तारेची चाकं आहेत म्हणून आत ट्यूब हवीच, आणि तारांच्या टोकांवर रबरी पट्टी, नाहीतर ट्यूबला भोक. क्वालालंपूरहून मागवतो आणि आगगाडीने बटरवर्थला पाठवतो. पैशांचं नंतर बघू. हवा पुढे बावीस, मागे चोवीस, टायर थंड असताना. पहिले दीडशे किलोमीटर सावकाश, नव्या चपलेसारखं आहे, आधी अंगवळणी पडू द्यायचं.

आणि हो, खोबरेल नको. त्यात तुमचं काही चुकलं नाही, पूर्वीच्या रबराला ते चालायचं. हल्ली कंपन्या रबरात काय काय मिसळतात, त्याला तेल सोसत नाही. साबणाचं पाणी पुरे. निघायच्या दिवशी तर एक थेंबही नको.

इथे रोज चार वाजता पाऊस. तैपिंगचं काही बदललेलं नाही.

सेल्लादुराई


पुलाउ टिकुस
२२ जून

अण्णे,

टायर पोचले. पोर्चमध्ये ठेवलेत. नवीन रबराचा वास घरभर आहे. आकोने विचारलं, कुठून आले? मी म्हटलं, क्वालालंपूरहून. त्याने बाजूवरचं अक्षर वाचलं, रेडियल आहे हे बघितलं आणि आत गेला.

पण हे पत्र टायरांबद्दल नाही.

तुम्ही "एक थेंबही नको" याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. हवेचे आकडे लिहिलेत, त्यांच्याखाली रेघ नाही. मी चौतीस वर्षं वह्या तपासल्या आहेत. मुलं कुठे घाबरलेली असतात, ते मला अक्षरावरून कळतं.

माझा एक विद्यार्थी रबर संशोधनात आहे. त्याला फोन केला. म्हटलं, पूर्वीच्या रबराला तेल चालायचं, हे खरं का? तो म्हणाला, "मिस, तेल आणि रबर यांचं कधीच जमलं नाही. पूर्वीच्या तर मुळीच नाही." मी विचारलं, आणि रस्त्याला टेकतो त्या भागावर लावलं तर? तो हसला. म्हणाला, "कोण लावेल मिस? मरायचंय का कुणाला?"

मी फोन ठेवला.

अण्णे, मी लावलं होतं. सदुसष्ट साली, टेकडीच्या शर्यतीच्या दिवशी. तुम्ही कागद भरायला टेबलाकडे गेला होतात. वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार होता आणि नवे टायर गोदामाच्या धुळीने राखाडी दिसत होते. आको म्हणाला, "हे काय भिकाऱ्यासारखं?" माझ्या पिशवीत आईची केसांच्या खोबरेलची बाटली होती. अर्धी बाटली संपवली. सगळीकडे चोळलं. खालीसुद्धा, कारण अर्धं काळं अर्धं राखाडी वाईट दिसलं असतं. मी नीटनेटकी बाई, अण्णे. मला अर्धवट काम आवडत नाही.

फोटो दिवाणखान्यात आहे. काल भिंग घेऊन पाहिला. टायर आरशासारखे चमकत आहेत.

एकोणतीस वर्षं तुम्हाला दोष लागला. आकोने तुम्हाला सगळ्यांसमोर हाकललं, तेव्हा मी दारात उभी होते. मला वाटायचं, असेल चुकला बिचारा. बिचारा! मी तुमची कीव करत होते.

आणि आता एक सांगा. रबराच्या मळ्यात वाढलेला माणूस रबराबद्दल असं चुकीचं लिहील? तुम्हाला माहीत होतं. कधीपासून? खरं लिहा. आकोला मी काय सांगायचं, ते त्यावर ठरेल.

स्यू खेंग


तैपिंग
२९ जून

टीचरम्मा,

त्याच दिवसापासून.

गाडी दुसऱ्या वळणावर खाली गेली, सगळे तौकेकडे धावले. त्याला उचलल्यावर मी टायर बघायला गेलो, कारण मीच निवडले होते ना. हात लावला आणि वास आला. तुमच्या स्वयंपाकघरात तोच वास यायचा. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतात, पांढऱ्या झग्यावर तेलाचे डाग, आणि "आको, आको" करत होतात. तुम्हाला काहीच कळलेलं नाही, हे मला दिसलं.

मी शर्ट काढून चारही टायर पुसले.

तुम्ही विचाराल, का. मी मोठा साधू नाही. पहिले काही दिवस वाटलं, आत्ता नको, डॉक्टर म्हणताहेत पाय जाईल, घरात रडारड आहे, नंतर सांगू. मग तौकेने मला हाकललं. मला इतका राग आला होता की तेव्हा बोललो असतो. पण तुम्ही त्याच्या मागे दारात उभ्या होतात. एवढंच झालं. आठवड्याने वाटलं, आता उशीर झाला. वर्षाने वाटलं, आता ती गोष्ट माझीच झाली. इथे आलो, दुकान टाकलं, लग्न केलं. वाईट चाललं असं नाही.

राग नव्हताच असं म्हणत नाही. तौकेचा होता. दर वर्षी त्या तारखेला पोन्नम्मा मला एकट्याला सोडते. का, ते तिला या महिन्यात कुठे सांगितलं. पण तुमचा राग कधी आला नाही. मला जगात कुणी कागदावर नाव लिहायला शिकवलं असेल तर तुम्ही. दुकानाची पाटी मी स्वतः रंगवली, दुसऱ्याकडून नाही. तुमच्यासाठी मी एवढंच करू शकत होतो, ते केलं. प्रेमाने केलं, आता म्हातारपणी हे लिहायला हरकत नाही.

तेलाचं मागच्या पत्रात लिहायचं नव्हतं. चार कागद फाडले. पण तुम्ही निघायच्या दिवशी गाडी चमकवणार, हे मला माहीत होतं. तुम्हाला दुसऱ्यांदा त्या रस्त्याच्या कडेला कसं उभं करू? नाही, या वेळी तर तुम्ही आतच असणार. म्हणून खोटं लिहिलं. रेघा मारायला नको होत्या.

आता ऐका. तौकेला सांगू नका. त्याला माझ्यावर रागवायची सवय झाली आहे, मला ऐकायची. ऑपरेशन तोंडावर आहे. तुमच्यावर रागवला तर त्या घरात त्याला दुसरं आहे कोण? मी हात जोडून मागतो. टायर लावा, वर जाऊन या आणि मला एक पोस्टकार्ड टाका की हवा बरोबर होती.

सेल्लादुराई


पुलाउ टिकुस
१६ जुलै १९९६

सेल्ला,

हे मी लिहितो आहे, किम तिओंग. अक्षर लागत नसेल तर तुझ्या बायकोकडून वाचून घे.

खेंगने सात तारखेला, रविवारी सांगितलं. जेवणाच्या टेबलावर, ड्युरियनचं फळ फोडून झाल्यावर. तू नको म्हणालास, तेही सांगितलं आणि तुझी सगळी पत्रं माझ्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाली, "आको, आता माझ्यावर ओरड, मी तयार आहे." मी ओरडलो नाही. मी दोन दिवस तिच्याशी बोललोच नाही. तिला वाटलं मी रागावलो आहे. ती कोपऱ्यात बसून रडत होती आणि मी तिला रडू दिलं, कारण मला जे बोलायचं होतं ते तोंडातून येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिला सांगितलं. आता तुला सांगतो.

पहिल्या वळणावर गाडी सरकली होती. दुसऱ्या नव्हे, पहिल्या. मागची चाकं हातभर गेली. मला स्टिअरिंगमध्ये कळलं की टायरला काहीतरी झालंय. तिथे थांबता आलं असतं, रुंद जागा होती. पण कठड्यावर माणसं बसली होती, कॉफीवाल्या यो घराण्याची गाडी बघायला आलेली, आणि मी पाय आणखी दाबला. तेल तिने लावलं असेल. पाय माझा होता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. हॉस्पिटलात शुद्धीवर आलो तेव्हा आई विचारत होती, कसं झालं रे, आणि मी म्हणालो, टायर. मग ते म्हणतच राहिलो. इतक्यांदा म्हटलं की अर्धं खरं वाटू लागलं. अर्धंच. म्हणून तर पाहुण्यांना सांगत बसायचो. ज्याची खात्री असते ते माणूस सारखं सांगत नाही.

म्हणजे बघ, तुला तुझं माहीत होतं, मला माझं, नव्हतं ते एकट्या खेंगला. आणि भरलंस एकट्या तूच.

तुझे रेडियल पोर्चमध्ये पडून आहेत. इथल्या दुकानाची माणसं लावायला आली होती, जॅक वगैरे घेऊन. मी परत पाठवली. खेंग म्हणाली, ऑपरेशनला वीस दिवस उरलेत, हट्ट कसला. हट्ट नाही. त्या चाकांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला नको आहे.

गाडीत दोनच माणसं बसतात. खेंगने परवा जाहीर केलं की ती आणि तुझी पोन्नम्मा बसने वर येतील, डबे घेऊन, आणि शेजारी तू बसायचं. वळणं तू सांगायची. पूर्वी मी तुझं ऐकत नव्हतो. आता ऐकेन, निदान प्रयत्न करेन.

तैपिंग फार लांब नाही. मीच तुझ्या दारात यायला हवं होतं. पाय दुखतो म्हणून आलो नाही असं समजू नकोस. भाच्याची गाडी आहे, दोन तासांत पोचलो असतो. एकदा बटरवर्थच्या पुढे गेलोही आणि परत फिरलो. लाज वाटली, सेल्ला. तुझ्या दुकानासमोर उतरून तुझ्याकडे वर मान करून बघायचं मला अजून जमत नाही.

म्हणून तू ये.

किम तिओंग